बहात्तर कुठं आलं? सिन्नरकडच्या एका पाझर तलावाच्या गाळाचं प्रकरण

सिन्नर तालुक्याच्या पूर्व भागात एक पाझर तलाव आहे. गावाचं नाव मुद्दाम देत नाही, कारण कुणी किती ट्रॉल्या गाळ नेला यावरून तिथं आधीच पुरेशी धुसफूस आहे. मे महिन्यात तलाव ठणठणीत कोरडा होता आणि पोकलेन लावून गाळ उपसणं चालू होतं. २०१७ मध्ये सरकारनं ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ ही योजना आणल्यापासून आमच्या जिल्ह्यात उन्हाळ्यातलं हे नेहमीचं दृश्य. या तलावात मात्र पोकलेनवाल्यानं नकळत एक फार चांगलं काम करून ठेवलं होतं. त्यानं खोल भागापासून थेट काठापर्यंत सरळ चर मारला होता. चराची भिंत माणसाच्या उंचीहून थोडी जास्त, ताजी कापलेली, आणि तिच्यात पट्टे दिसत होते.

नाशिकच्या आमच्या कॉलेजातली भूगोलाची मुलं त्याच शिवारात मातीचे नमुने घ्यायला आली होती. पट्टे बघून मुलं थांबली, मुलं थांबली म्हणून गावकरी थांबले. त्यांच्यातल्या एका वयस्क शेतकऱ्यांनी, ज्यांना सगळे अण्णा म्हणत होते, सरळ विचारलं, “सर, माती बोलती म्हणता ना? मंग याच्यात बहात्तर कुठं आलं ते दाखवा.”

बहात्तर म्हणजे १९७२चा दुष्काळ, हे इकडं कुणाला सांगावं लागत नाही. पुढची सगळी नोंद त्या एका प्रश्नाची आहे. उत्तर मिळालं, पण आम्ही शोधत होतो तिथं मिळालं नाही. आणि त्याच गाळाला विचारलेले बाकीचे प्रश्न जिथं अडले, तिथं जास्त शिकायला मिळालं. तळ्याचा गाळ आधी तळ्याची हकीकत सांगतो, पावसाची नंतर. पहिली नीट ऐकल्याशिवाय दुसरीला हात घालता येत नाही.

भिंतीत काय होतं

अशी भिंत खालून वर वाचायची. अगदी तळाशी पिवळट मुरूम. त्यावर तपकिरी मातीचा थर, त्यात चुनखडीचे बारीक खडे आणि मुळं कुजून राहिलेल्या नळ्या. ही माती तलावातली नाही. तलाव होण्याआधी इथं जे शेत किंवा माळ होता, त्याची ही जमीन. तिच्या माथ्यावर एक घट्ट दाबलेली, ठळक रेघ होती. रेघेच्या वर सगळा रंगच बदलतो. आधी मुरूम, गोटे आणि माती यांची खिचडी, मग काळपट राखाडी चिकण मातीचे जाड थर आणि त्यांच्यामध्ये रेतीचे पातळ पट्टे. वरच्या अर्ध्या भागात रेतीचे पट्टे बारीक आणि विरळ होत जातात. अगदी वरचा वीतभर भाग एकजीव, त्यात पट्टा म्हणून नाही. तो का नाही, हे गावकऱ्यांनीच सांगितलं. पाणी आटलं की तळाच्या जमिनीत गाळपेर होते. तिथं नांगर फिरलेला आहे.

चराच्या काठाकडच्या टोकाला तेच थर वेगळे दिसत होते. मधली चिकण माती काठाकडं जाताना रेताड होत जाते, पातळ होते आणि शेवटी संपते. तिथं गोगलगायींचे पांढरे शंख रांगेनं सापडले. चुना आहे का ते बघायला सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचे थेंब टाकून पाहिले तर जुन्या तपकिरी मातीत फसफस जोरात आली, तलावाच्या मातीत कुठं आली, कुठं नाही.

काठाकडचं हे टोक सगळ्यात मोलाचं. तळ्याची जुनी पातळी शोधायची तर एका खड्ड्यात ती सापडत नाही. संथ, खोल पाण्यात फक्त बारीक चिकण माती बसते. रेती आणि शंख लाटांच्या पट्ट्यात, म्हणजे काठालगत राहतात. एकच थर मध्यापासून काठापर्यंत धरून चालत गेलं, की चिकण मातीची रेती कुठं होते ते दिसतं. त्या थराच्या वेळी पाणी साधारण तिथपर्यंत होतं. वरच्या थरात ही जागा आत सरकली असेल तर पाणी हटलं, बाहेर गेली असेल तर वाढलं. जगभरातल्या मोठ्या सरोवरांच्या हजारो वर्षांच्या पातळ्या याच तत्त्वानं काढतात. फक्त तिथं चर नसतो, काठापासून मध्यापर्यंत ओळीनं नळ्या घालून गाळाचे गाभे काढावे लागतात. नाशिक शहरात गोदावरीला पूर आला की दुतोंड्या मारुतीच्या कुठपर्यंत पाणी आलं यावर लोक पातळी सांगतात. तळ्याच्या गाळात तसा मारुती आपल्याला शोधावा लागतो, आणि तो दर थराला वेगळ्या जागी उभा असतो.

पट्टे मोजायचा मोह

मुलांनी लगेच पट्टे मोजायला घेतले. एक रेतीचा, एक चिकण मातीचा, झालं एक वर्ष. झाडाच्या खोडाची वलयं मोजावीत तसं. कल्पना वाईट नाही. काही सरोवरांत खरोखर दर वर्षी एक जोडथर बसतो आणि तो मोजता येतो. पण त्यासाठी तळ शांत लागतो, खोल लागतो, शक्यतो तळाशी प्राणवायू नसावा लागतो म्हणजे किडे-अळ्या थर ढवळत नाहीत. दर उन्हाळ्यात आटणारा पाझर तलाव यातली एकही अट पाळत नाही.

शिवाय इथलं पाऊसमान. इगतपुरीला वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, नाशिक शहरात सातशेच्या आसपास, आणि सिन्नरच्या पूर्वेला पर्जन्यछायेत साधारण पाचशे. हा पाचशेसुद्धा एका दमात येत नाही. मे महिन्यात वळीव धो धो पडून नाला एकदा वाहतो, मग जून-जुलै रिपरिप, आणि परतीच्या पावसात पुन्हा एक दणका. म्हणजे एका वर्षात रेतीचे दोन पट्टे सहज. उलट ज्या वर्षी नाला वाहिलाच नाही, त्या वर्षाचा पट्टाच नाही. मोजणी दोन्ही बाजूंनी चुकते, आणि चुका एकमेकींना भरून काढतील याची काही हमी नाही.

याहून खट्याळ गोष्ट काळ्या मातीची. दख्खनच्या बेसॉल्टपासून झालेल्या या मातीत स्मेक्टाइट नावाचं चिकण-खनिज असतं. ते पाण्यानं फुगतं, सुकलं की आकसतं. कोरड्या तलावात म्हणूनच हात आत जाईल अशा भेगा पडतात, आणि वळवाच्या पहिल्या पाण्याबरोबर वरची रेती, काडीकचरा, शेणगोळे सगळं त्या भेगेत खाली जातं. आमच्या भिंतीत अशा भेगा पाचरीसारख्या स्पष्ट दिसत होत्या, फिकट रेतीनं भरलेल्या. भेग दिसली म्हणजे तळ उघडा पडला होता हे नक्की, एवढी पातळीची माहिती ती खात्रीनं देते. पण त्याबरोबर ती वरचं खाली नेऊन थरांची गडबडही करते.

याचा प्रत्यय लगेच आला. एका विद्यार्थ्याला बऱ्याच खालच्या थरात गुटख्याची पुडी मिळाली. गाळाचं वय काढण्यासाठी प्लॅस्टिकचा कचरा खरंच कामाचा असतो. पुडीवर छापलेली तारीख वाचता आली, तर तो थर त्या तारखेपेक्षा जुना असू शकत नाही. ठिबकच्या नळीचा तुकडा, मल्चिंग पेपरची चिंधी, यांतली प्रत्येक वस्तू गावात कधी आली हे शेतकरी सांगू शकतात, आणि तेवढ्यानं थराचं वय निदान एका बाजूनं बांधलं जातं. पण ही पुडी होती पाचरीच्या आत, भेगेतल्या फिकट रेतीत. तिचा त्या खालच्या थराशी काही संबंध नव्हता. पोरगा हिरमुसला. मी त्याला म्हटलं, पुडीचा फोटो काढ, भेगेसकट. पुढच्या वर्षीच्या पोरांना शिकवायला याहून चांगलं चित्र मिळणार नाही.

बहात्तरचं उत्तर

अण्णांचा प्रश्न तसाच होता. दुष्काळाचं वर्ष गाळात कसं दिसावं? पाऊस नाही म्हणजे गाळ नाही, म्हणून पातळ थर, असं वाटतं. पण दुष्काळात डोंगरावरचं गवत जातं, गुरं उरलंसुरलं ओरबाडतात, माती मोकळी होते, आणि मग जो पहिला मोठा पाऊस येतो तो सगळी माती घेऊन खाली उतरतो. म्हणजे दुष्काळाची खूण म्हणून जाड, रेताड थरसुद्धा मिळू शकतो. जाड थर म्हणजे चांगला पाऊस, हे समीकरण आमच्याकडं तरी चालत नाही.

एवढं बोलून झाल्यावर एका मुलीनं साधा प्रश्न विचारला. तलाव बांधला कधी? अण्णा म्हणाले, “बहात्तरलाच की. दुष्काळी काम होतं. मी खडी वाहिलीय इथं, सुकडी खाल्लीय.”

त्या दुष्काळात राज्यभर अशी कामं निघाली, त्यातूनच रोजगार हमी योजना उभी राहिली आणि पुढं १९७७ मध्ये तिचा कायदा झाला. सिन्नर, येवला, चांदवड भागातले कितीतरी पाझर तलाव आणि नालाबांध त्या काळातले. म्हणजे बहात्तर या गाळात पट्टा म्हणून असणं शक्यच नव्हतं. ते होतं तळाच्या त्या दाबलेल्या रेघेवर. रेघेच्या खालची तपकिरी माती ही बहात्तरपर्यंतची जमीन, रेघ ही बांधकामाच्या वर्दळीत तुडवलेली तिची पाठ, आणि वरची मुरूम-गोट्यांची खिचडी ही भराव ताजा असताना पहिल्या पावसांनी उघड्या खाणीतून ओढून आणलेली. अण्णांना रेघ दाखवली. त्यांनी ती बोटानं चाचपली आणि म्हणाले, “हे तर आम्ही तुडवलेलं.” त्यांना उत्तर पटलं. मुलांना ते थोडं फसवल्यासारखं वाटलं, कारण त्यांना दुष्काळ बघायचा होता आणि हाती लागलं दुष्काळावरचं काम.

मला मात्र हेच उत्तर पक्कं वाटतं. अख्ख्या भिंतीत ज्याचं वर्ष जवळपास ठामपणे सांगता येतं असा हा एकच आडवा पट्टा. प्रयोगशाळेत गेलो असतो तरी त्याहून फार भर पडली नसती. अशा तरुण गाळासाठी दोन पद्धती वापरतात. अणुचाचण्यांमुळे हवेत पसरलेलं किरणोत्सारी सीझियम-१३७ गाळात १९६३च्या आसपास सर्वाधिक सापडतं. पण हा तलावच १९७२चा, म्हणजे ते शिखर असेल तर आमच्या रेघेच्या खाली. वर जे सापडेल ते बहुतांश डोंगरावरून वाहून आलेल्या जुन्या मातीतलं. दुसरी पद्धत शिसं-२१० या किरणोत्सारी शिशाची. त्याचं अर्धायुष्य सुमारे २२ वर्षं, म्हणजे तेवढ्या काळात ते निम्मं उरतं, म्हणून शंभर-सव्वाशे वर्षांपर्यंतचा गाळ मोजायला ते उत्तम. पण त्याचं गणित थर एकावर एक शांतपणे बसले आहेत असं धरून चालतं. इथं वरून नांगर आणि आतून भेगा.

वरचे पट्टे बारीक का झाले

यावर चरातच वाद झाला. भिंतीच्या वरच्या भागात रेतीचे पट्टे बारीक होतात हे सगळ्यांना दिसत होतं. मुलांचं म्हणणं, अलीकडं मोठे पाऊस कमी झाले असणार. ऐकायला पटण्यासारखं, आणि वर्तमानपत्रात छापायला तर फारच सोयीचं. पण चरातून वर चढून डोंगराकडं बघितलं की उतारावर सलग समतल चर दिसतात, नाल्यावर एकामागं एक मातीचे आणि सिमेंटचे बंधारे दिसतात. पाणलोटाची कामं आधीपासून होत होती, २०१४-१५ पासून सरकारच्या ‘जलयुक्त शिवार’ योजनेनं त्यात भर घातली. रेती वरच अडते. तलावात पोचतं ते गढूळ पाणी आणि बारीक गाळ. पाऊस तोच राहिला असता तरी पट्टे बारीकच झाले असते.

दुसरं म्हणजे सांडवा. तलाव भरला की पाणी सांडव्यावरून निघून जातं. चांगला पाऊस आणि अतिवृष्टी, दोन्ही वर्षी पातळी एकाच ठिकाणी थांबते. खालच्या बाजूला दर उन्हाळ्यात शून्य. म्हणजे या तलावाच्या पातळीची नोंद दोन्ही टोकांनी छाटलेली आहे. फार ओलं वर्ष आणि नुसतं बरं वर्ष यांत तो फरक करू शकत नाही, थोडं कोरडं आणि फार कोरडं यांतही नाही. हवामानाचा इतिहास ज्यातून काढायचा तिथं नेमका याच टोकांचा प्रश्न असतो.

लोणारला जमतं ते इथं का नाही

इथं लोणारची आठवण येणं साहजिक आहे. सिन्नरपासून अडीचशे किलोमीटरहून दूर, बुलढाणा जिल्ह्यात, उल्कापातानं झालेलं ते विवर सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचं. बेसॉल्टच्या पठारावर नैसर्गिक सरोवरं जवळपास नाहीतच. नद्यांनी सगळं उतारावर काढून दिलेलं. लोणार आहे ते आकाशातून पडलेल्या दगडामुळे. त्याला सांडवा नाही. पाणी आत येतं, बाहेर जायला एकच वाट, बाष्प होऊन. पाऊस घटला की पातळी उतरते आणि उरलेलं पाणी खारट होत जातं, पाऊस वाढला की उलट. वरचं टोक छाटलेलं नाही.

भारतीय आणि जर्मन संशोधकांनी तिथून सुमारे दहा मीटर लांबीचा गाळाचा गाभा काढला. त्याचे निष्कर्ष २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात सुमारे ११ हजार वर्षांचा मान्सून वाचता आला. या कामातली मला सगळ्यात आवडलेली खूण म्हणजे गेलुसाइट हे खनिज. सोडियम आणि कॅल्शियमचं हे कार्बोनेट, त्यात स्फटिकजल असतं, आणि सोड्याचं पाणी आटून खूप दाट झालं तरच त्याचे स्फटिक धरतात. ते गाभ्यात दोन कालखंडांत आढळलं: सुमारे ४,६०० ते ३,९०० वर्षांपूर्वी आणि २,००० ते ६०० वर्षांपूर्वी. या दोन्ही काळात सरोवर दीर्घकाळ उतरलेलं असणार.

एकट्या खुणेवर कुणी विसंबत नाही. सेंद्रिय द्रव्यातलं कार्बन-नायट्रोजनचं प्रमाण बघतात, म्हणजे ते पाण्यातल्या शेवाळाचं की काठावरच्या झाडाझुडपांचं हे कळतं. कार्बोनेटमधला जड ऑक्सिजन बघतात, कारण बाष्पीभवनात हलका आधी उडून जातो. परागकण, मातीचे चुंबकीय गुणधर्म, डायाटम या सूक्ष्म शेवाळाची काचेसारखी कवचं असे आणखी साक्षीदार असतात. त्यांतले पुरेसे एका बाजूला झुकले तरच ‘कोरडा काळ’ असं लिहायचं.

तरीही इथं आम्हा नाशिककरांना एक कोडं पडतं. दुसरा कोरडा काळ म्हणजे साधारण इसवी सनाच्या सुरुवातीपासून चौदाव्या शतकापर्यंतचा. पांडवलेणीतली बहुतेक कामं, गोवर्धनच्या विणकर श्रेणींकडं व्याजानं ठेवी ठेवल्याचे तिथले शिलालेख, सिन्नरला यादवांची राजधानी, गोंदेश्वराचं देऊळ, सगळं याच कालखंडात बसतं. सरोवर उतरलेलं म्हणजे माणसं उपाशी, असं सरळ म्हणता येत नाही. शतकानुशतकांची सरासरी घसरण आणि एका पिढीचा दुष्काळ या वेगळ्या गोष्टी आहेत, आणि दीड वीत गाळात शेकडो वर्षं मावली असतील तर दुसरी गोष्ट पहिलीत विरघळून जाते. अण्णांना हवं होतं ते एक वर्ष. लोणार ते देऊ शकत नाही. सिन्नरचा तलाव ते देऊ शकेल इतका वेगानं भरतो, पण त्याला ते धरून ठेवता येत नाही.

आमच्या जिल्ह्यात मधली जागा असेल तर ती नांदूर मधमेश्वर. गोदावरी आणि कादवेच्या संगमावरचा तो बंधारा विसाव्या शतकाच्या सुरुवातीचा, आणि २०२० मध्ये तो महाराष्ट्रातली पहिली रामसर पाणथळ जागा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, ठरला. लोक तिथं पक्षी बघायला जातात. माझं लक्ष पक्षी ज्या गाळावर उभे असतात त्याच्याकडं. शंभरेक वर्षांचा गाळ, त्यामुळं १९६३चं सीझियम तिथं जागेवर मिळण्याची शक्यता. पण त्याला विचारायचा प्रश्न वेगळा. तो गाळ त्र्यंबक-इगतपुरीच्या डोंगरांवरचा पाऊस सांगेल, सिन्नरचा नाही. आणि १९६५ साली पूर्ण झालेल्या गंगापूर धरणानं वरचा गाळ अडवल्याची खूणही त्यात असणार. ती वेगळी काढल्याशिवाय पुढं जाता येणार नाही. धरणात किती गाळ साठला याचं सर्वेक्षण दिंडोरी रोडवरची ‘मेरी’, म्हणजे महाराष्ट्र अभियांत्रिकी संशोधन संस्था, करते. तिथल्या अभियंत्याला गाळ म्हणजे कमी झालेला साठा, आम्हाला तो कागदपत्र. या दोन कामांची गाठ पडली तर बरं होईल.

नोंदीत काय लिहिलं

ग्रामपंचायतीला दिलेल्या पानभर टिपणात आम्ही थोडंच लिहिलं. तळाची रेघ १९७२च्या बांधकामाची, हे पक्कं. भेगांच्या पाचरी ज्या थरांच्या माथ्यावरून सुरू होतात, त्या थरांनंतर तळ पूर्ण उघडा पडला होता, हेही पक्कं. वर्ष सांगता येत नाही. वरचे पट्टे बारीक होण्याचं कारण वरची पाणलोट कामं असावीत, पाऊस घटला असं या भिंतीवरून म्हणू नये. शेवटचं वाक्य एका तरुण सदस्याला आवडलं नाही. टँकरच्या अर्जाला जोडायला त्याला उलटं वाक्य हवं होतं.

गाळ थांबणार नव्हता. पावसाच्या आत शेतात पडायला हवा होता आणि पोकलेनचं भाडं तासावर चालू होतं. आम्ही भिंतीचा एक उभा तुकडा पत्र्याच्या पन्हाळीत घेऊन कॉलेजात नेला. बाकी चर दोन्ही बाजूंनी रुंद होत संपला. जाण्याआधी तळाशी, मधल्या उतारावर आणि काठाला फरशीचे तुकडे पुरून ठेवले, माथा जमिनीच्या पातळीला येईल असे. एका पावसाळ्यात फरशीवर किती थर बसतो आणि त्यात रेतीचे पट्टे एक येतात की दोन, हे पुढच्या मेमध्ये उकरून बघता येईल. सांडव्याच्या भिंतीवर रंगानं खुणा मारल्या. अण्णांचा नातू आठवड्याला मोबाइलवर पातळीचा फोटो पाठवणार आहे. सांडव्यालगतची गाळाची एक अरुंद पट्टी न उपसता ठेवायला ग्रामपंचायत तयार झाली. तिथं पिचिंगचे, म्हणजे बांधाच्या उतारावर बसवलेले, दगड सुटलेले आहेत आणि पोकलेनवाला तसाही त्या बाजूला मशीन घालायला तयार नव्हता.